‘याच्या डोक्यात राहतच नाही’ म्हणण्याआधी

दसरा-दिवाळीच्या सुमारास आमच्या घनसावंगी तालुक्यातून ऊसतोडीला टोळ्या निघतात. घरी मागे कोणी नसेल, तर मुलेही फडावर जातात. हंगाम संपवून परतलेले पोर पाढे विसरलेले असते. मग घरातले म्हणतात, “याच्या डोक्यात राहतच नाही. आपल्या खानदानात कोण शिकलंय?” हा दोष खरेच खानदानाचा आहे का?

जनुके आईवडिलांकडून येतात, हे खरे. पण मेंदूच्या पेशीत कोणते जनुक कधी वाचले जाईल, हे जन्मतःच कायमचे ठरत नाही. प्रत्येक पेशीत सुमारे दोन मीटर लांबीचा डीएनए प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. काही रासायनिक खुणा ही गुंडाळी सैल करतात, काही घट्ट. ती सैल झाली की जनुक वाचले जाते आणि आठवण पक्की करणारी प्रथिने तयार होतात. जनुक तेच राहते, त्याचा वापर बदलतो. याला एपिजेनेटिक बदल म्हणतात.

कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात मायकेल मीनी आणि मोशे झिफ यांनी २००४ मध्ये उंदरांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. आई ज्या पिलांना खूप चाटत होती, त्यांच्या मेंदूत ताण आवरणाऱ्या एका जनुकावर बंदीच्या खुणा कमी होत्या. पिलांची अदलाबदल केली, तेव्हा खुणा सांभाळणाऱ्या आईप्रमाणे झाल्या.

२००७ मध्ये अमेरिकेत ली-हुएई त्साई यांच्या गटाने मेंदूच्या पेशी झडलेल्या उंदरांना खेळणी आणि सोबती असलेल्या पिंजऱ्यात ठेवले. विसरल्यासारखे वाटणारे त्यांना पुन्हा आठवू लागले आणि मेंदूत गुंडाळी सैल करणाऱ्या खुणाही वाढल्या.

उंदरांवरून माणसाबद्दल सगळे सिद्ध होत नाही. तरी विसरलेले कायमचे पुसले जातेच असे नाही, एवढे यातून दिसते. हिफ्ज करणारी मुले नव्या सबकासोबत जुने पारे रोज फिरवतात ते उगीच नाही. परतलेल्या पोराकडूनही पाढे रोज थोडे थोडे म्हणवून घ्यावेत. मारू नये, हिणवू नये. रात्री पुरेशी झोप मिळू द्यावी, कारण झोपेत आठवण पक्की होते.

आणि पुढच्या हंगामाला निघण्याआधी शाळेत हंगामी वसतिगृहाची चौकशी जरूर करावी. मूल गावातच राहिले, तर त्याची शाळाही सुटणार नाही.