आभाळातून पडलेले कडे आणि नारळीकरांचे हसू

२ एप्रिल २०२२ ची संध्याकाळ मला चांगली आठवते. त्या दिवशी गुढीपाडवा होता आणि आम्हाला रमजानच्या चंद्राची प्रतीक्षा होती. मूलला आमच्या गच्चीवर आम्ही पश्चिमेकडे डोळे लावून उभे होतो. चंद्र दिसला, एकमेकांना मुबारकबाद देऊन झाली, तरावीहच्या नमाजला निघायची गडबड सुरू झाली; आणि पावणेआठच्या सुमारास आभाळातून आगीचे लोळ सरकत जाताना दिसले. कोणी म्हणाले, विमान पेटले. कोणी म्हणाले, उल्का. पाडव्याच्या दिवशी हा शुभशकुन की अपशकुन, यावर गल्लीत दोन तट पडले. माझी आई दुआ पुटपुटू लागली.

मग बातमी आली. सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूचे एक भले मोठे कडे पडले होते. बैलगाडीच्या चाकाची धाव असते ना, तसे. पण व्यास दोन-तीन मीटर. जवळच पवनपारला धातूचा गोळा सापडला. चीनच्या ‘लाँग मार्च’ रॉकेटचे ते अवशेष असावेत, असे तज्ज्ञांचे मत पडले. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. दुसऱ्या दिवशी एका गृहस्थाने मला गंभीरपणे विचारले, “भाऊ, भंगारात काय भाव लागेल?”

त्या क्षणी मला जयंत नारळीकरांची आठवण झाली. आभाळातून काहीतरी येते आणि खाली माणसे मात्र आपापल्या सवयीप्रमाणेच वागतात, हा तर त्यांच्या कथांचा गाभा.

नारळीकर मोठे खगोलशास्त्रज्ञ. बनारस, केंब्रिज आणि पुण्यातली ‘आयुका’ ही त्यांची ओळख सर्वांना आहे. त्यांचे गुरू फ्रेड हॉईल यांनीही १९५७ साली ‘द ब्लॅक क्लाउड’ ही विज्ञान कादंबरी लिहिली होती. नारळीकरांची मराठी विज्ञानकथेची सुरुवात मात्र एका खोडीने झाली. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा आली. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. स्वतःच्या नावाची आद्याक्षरे उलटी करून घेतलेले हे टोपणनाव! अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीकडून लिहवून घेतली. तिला पहिले बक्षीस मिळाले. पुढच्याच वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवतांनी या नव्या वाटेचे कौतुक केले. १९७९ मध्ये ‘यक्षांची देणगी’ हा संग्रह आला.

या कथांमधले विज्ञान समजावून सांगणारे पुष्कळ आहेत. मी पडलो कवी, तेही बी.ए. झालेला. मला त्यांतला उपहास जास्त भावतो. ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा घ्या. गंगाधरपंत इतिहासाचे प्राध्यापक. त्यांनी ९९९ सभांचे अध्यक्षस्थान भूषवले आहे. हजारावी सभा पानिपतावर. तेवढ्यात अपघात होतो आणि पंत एका निराळ्याच जगात पोहोचतात. तिथे पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागलेली नाही, कानाजवळून निघून गेली आहे. मराठे जिंकले आहेत. तेवढ्याने सारा इतिहास बदलला आहे.

नारळीकरांची पद्धत इथे स्पष्ट दिसते. ते एकच गोष्ट बदलतात, तीही तिळाएवढी. बाकी जग जसेच्या तसे ठेवतात. भाषा साधी, वाक्ये छोटी, चेहरा गंभीर. पंतांच्या खिशात उरलेले बखरीचे फाटके पान पुराव्यादाखल पुढे करतात. असा पाया पक्का झाला की मग हळूच चिमटा काढतात. त्या जगात पंतांना मैदानावर एक व्याख्यान चाललेले दिसते आणि व्यासपीठावर अध्यक्षांची खुर्ची रिकामी! त्यांचे पाय आपोआप तिकडे वळतात. पण त्या लोकांनी सभेतून अध्यक्ष हा प्रकारच हद्दपार केलेला असतो. पंत बोलत राहतात आणि टोमॅटो, अंडी खात राहतात. इतिहास बदलला, पंतांची हौस बदलली नाही. कविसंमेलनांची अध्यक्षपदे मीही मिरवली आहेत, त्यामुळे त्यातला एक टोमॅटो मलाही लागला.

या कथेशी माझे आणखी एक नाते आहे. शाळेत पानिपतचा धडा आला की वर्गातली मुले माझ्याकडे वळून पाहत, जणू अब्दालीला मीच बोलावले होते. एकदा गुरुजींनी विचारले, “मराठ्यांचा तोफखाना कोणाकडे होता?” आणि उत्तरही त्यांनीच दिले, “इब्राहिमखान गारद्याकडे.” माना पुन्हा वळल्या, पण नजर निराळी होती. नारळीकरांच्या कथेत मराठे जिंकतात, पण सूड घेत नाहीत. दिल्लीचा बादशहा नामधारी राहतो आणि पुण्याचे कारभारी विज्ञानाची केंद्रे उभारतात. जिंकण्याचे स्वप्न पाहायचेच तर असे पाहा, असे जणू ते सुचवतात. ही कथा पुढे इंग्रजीतून अकरावीच्या पाठ्यपुस्तकात गेली, याचा मला विशेष आनंद आहे.

अमेरिकेत कर्ट व्हॉनेगट नावाचे उपहासाने विज्ञानकथा लिहिणारे लेखक होऊन गेले. दुसऱ्या महायुद्धात ते जर्मनांचे कैदी होते. १९४५ साली ड्रेस्डेन शहर बॉम्बवर्षावात जळाले, तेव्हा ते एका कत्तलखान्याच्या तळघरात होते म्हणून वाचले. त्यातून १९६९ साली ‘स्लॉटरहाउस-फाइव्ह’ आली. व्हॉनेगट यांचे हसू राखेतून बाहेर आलेल्या माणसाचे आहे. नारळीकरांचे हसू शिक्षकाचे. वर्गातल्या पोराचे चुकले तर ते त्याला उठाबशा काढायला लावत नाहीत. त्याचे गणित फळ्यावर मांडतात आणि त्यालाच पाहू देतात. याची किंमतही त्यांना मोजावी लागते. त्यांची पात्रे कधीकधी कागदी वाटतात आणि संवादात अधूनमधून व्याख्यान शिरते. पण हेतू स्वच्छ असतो.

‘धूमकेतू’ कथेत एका हौशी निरीक्षकाला नवा धूमकेतू सापडतो. तो पृथ्वीवर आदळणार, असे गणित सांगते. जगभरचे शास्त्रज्ञ गुपचूप यान पाठवून त्याची वाट बदलतात. इकडे घरात त्याच्या पत्नीने शांतीसाठी यज्ञ केलेला असतो. संकट टळले ते यज्ञामुळेच, अशी तिची खात्री. लेखक तिला मूर्ख ठरवत नाही. तो नवऱ्याला फक्त विचारात पडलेला दाखवतो.

कथेबाहेरही नारळीकर असेच वागले. २००८ साली त्यांनी आणि महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीतल्या सहकाऱ्यांनी ज्योतिषांची चाचणी घेतली. कुंडली हुशार मुलाची की मतिमंद मुलाची, एवढेच ओळखायचे. २७ ज्योतिषांनी उत्तरे पाठवली. सरासरी ४६ टक्के बरोबर. नाणे उडवले असते तरी याहून बरे जमले असते!

आपल्या जंगलपट्ट्यात हा विषय केवळ हसण्यावारी नेता येत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये जिवती तालुक्यातल्या वणी खुर्द गावात जादूटोण्याच्या संशयावरून सात जणांना बांधून मारहाण झाली. त्यांत म्हाताऱ्या बायकाही होत्या. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ पासून आहे. पण कायदा गावात पोहोचतो तो बहुधा घटना घडून गेल्यावर. त्याआधी पोहोचेल असे काही हवे. शहरातून आलेल्या भाषणाने गाव कान मिटून घेते, हे मी अनेकदा पाहिले आहे.

आता माझी स्वतःची कबुली. माझ्या धाकट्याला ताप उतरेना, तेव्हा दवाखान्याच्या गोळ्यांबरोबर त्याच्या दंडावर तावीजही बांधला गेला. तो आईने नव्हे, मी आणला होता. व्यासपीठावर पुरोगामी कविता वाचणाऱ्या मी! ताप उतरला, आईने श्रेय तावीजाला दिले आणि मी कथेतल्या त्या नवऱ्यासारखा गप्प बसलो.

आगीचे ते लोळ पाहिल्यावर त्या रमजानमध्ये एका रात्री मी घरच्यांना ‘धूमकेतू’ वाचून दाखवली. यज्ञाचा भाग आला तेव्हा सगळ्यांत आधी आई हसली. म्हणाली, “अरे, हे तर आपलंच घर.” नंतर तिने माझ्याकडे नुसते पाहिले. धाकट्याच्या दंडावरचा तावीज कोणी काढायला सांगितला नाही. काही दिवसांनी तो पेटीत गेलेला दिसला.

२० मे २०२५ रोजी नारळीकर पुण्यात गेले. २०२१ च्या नाशिक साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते, पण प्रकृतीमुळे त्यांना तिथे जाता आले नाही. व्यासपीठावरची ती खुर्ची रिकामीच राहिली. गंगाधरपंतांच्या लेखकावर नियतीने केलेला हा विनोद त्यांना नक्की कळला असेल. त्यांची पुस्तके आपल्या गावांच्या वाचनालयांत असतील, नसतील तर मागवावीत, आणि एखाद्या संध्याकाळी घरातल्या वडीलधाऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवावीत. पहिल्यांदा कोण हसते, ते पाहावे.