कोळशाविना अर्थकारण : घाटनांदूर परिसरातून

ऊर्जा कुठली, ताबा कोणाचा?

• गाव : घाटनांदूर, ता. अंबाजोगाई, जि. बीड. परळी–लातूर रोड लोहमार्गावरील स्थानक.

• केंद्रित ऊर्जा : एका ठिकाणी निर्मिती, दूरवर वहन. शेजारचे उदाहरण परळीचे औष्णिक केंद्र. सुरुवात १९७१. इंधन कोळसा, थंडाव्यासाठी पाणी. २०१५ च्या दुष्काळात पाण्याअभावी निर्मिती बंद.

• विकेंद्रित ऊर्जा : वापराच्या जागेजवळ लहान प्रमाणात निर्मिती. मालकी शेतकरी, सहकारी संस्था किंवा ग्रामपंचायतीकडे असू शकते.

• वैचारिक मूळ : अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा. अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ, वर्धा, १९३४. त्यांनी केलेला भेद :
– साठ्याचे अर्थकारण : कोळसा, खनिज तेल. वापरले की संपते.
– प्रवाही अर्थकारण : ऊन, वारा, वाहते पाणी, जंगल. जपून वापरल्यास पुन्हा मिळते.

• सौर कृषी वाहिनी : राज्य योजना, २०१७, दुसरा टप्पा २०२३. उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प, शेतीपंपांना दिवसा वीज. १ मेगावॅटला साधारण ४ ते ५ एकर जमीन.

• कुसुम : केंद्रीय योजना, २०१९. लहान सौर प्रकल्प, स्वतंत्र सौरपंप, जोडणी असलेल्या पंपांचे सौरीकरण.

• गोबरगॅस : १ घनमीटर वायूसाठी रोज सुमारे २५ किलो शेण. उरलेली मळी शेताला खत.

• उसाचे चिपाड : साखर कारखान्यात वाफ व वीज दोन्ही. निर्मिती मुख्यतः गाळप हंगामात.

• तांत्रिक मर्यादा : सौरवीज फक्त दिवसा. रात्रीसाठी बॅटरी, बायोगॅस किंवा ग्रीडची जोड आवश्यक.