अंबोसेलीच्या टेकडीवरून

केनिया देशाच्या दक्षिण सीमेलगत अंबोसेली नांवाचें एक राष्ट्रीय उद्यान आहे. नैरोबी शहरापासून तें सुमारें अडीचशें किलोमीटरांवर असून त्याचा विस्तार ३९२ चौरस किलोमीटर आहे. आफ्रिकेंतील इतर मोठ्या उद्यानांच्या मानानें हें क्षेत्र लहानच म्हटलें पाहिजे. तरी पुढें हत्तींचा कळप व मागें हिमाच्छादित किलिमांजारो पर्वत असें जें चित्र आपण पुस्तकांतून पाहतों, तें पुष्कळदां येथलेंच असतें.

अशा उद्यानांत मोटारींतून खालीं उतरण्याची प्रवाशांस मनाई असते. ज्या थोड्या ठिकाणीं ही मोकळीक मिळते त्यांत नोमोटियो ही टेकडी प्रमुख होय. इंग्रजींत तिला ‘ऑब्झर्व्हेशन हिल’ म्हणतात. चढण थोड्या मिनिटांची व सोपी आहे. घरांतील वृद्ध मंडळींनीं व मुलांनींही ती सावकाश चढावी. माथ्यावर पोंचलें कीं भोंवतालचें सपाट मैदान एखाद्या नकाशासारखें पायाखालीं पसरलेलें दिसतें.

दक्षिणेस किलिमांजारो. त्याचें किबो हें शिखर ५,८९५ मीटर उंच आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या साडेतीन पटींहून अधिक. हा पर्वत केनियांत नसून सीमेपलीकडे टांझानियांत आहे. त्याचें दर्शन बहुधा पहांटे किंवा सायंकाळीं घडतें. ऊन चढलें कीं ढग त्यास झांकून टाकितात. १८४८ सालीं योहानेस रेबमान या जर्मन मिशनऱ्यानें विषुववृत्ताजवळ बर्फ पाहिल्याचें कळविलें, तेव्हां युरोपांतील कांहीं भूगोलज्ञांचा त्यावर विश्वासही बसला नाहीं!

पश्चिमेकडे अंबोसेलीचें सरोवर आहे. पण वर्षाचा बहुतेक काळ तें कोरडेंच असतें. त्या पांढुरक्या तळावरून धुळीच्या वावटळी उठतांना दिसतात. अंबोसेली हें नांवच खारट धूळ या अर्थाच्या मासाई शब्दावरून पडलें आहे. येथें वर्षाकाठीं सरासरी साडेतीनशें मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो.

आतां टेकडीच्या पायथ्याकडे पाहावें. तेथें बारमाही हिरवीगार दलदल आहे! हत्ती पोटापर्यंत पाण्यांत उभे राहून लव्हाळी उपटीत असतात. त्यांच्या भोंवतीं पांढरे बगळे वावरतात. पलीकडे पाणघोडे, रानरेडे व झेब्रे दिसतात. सकाळीं कळप बाहेरील माळांवरून पाण्याकडे येतात व सायंकाळीं परत जातात. येथल्या हत्तींचा अभ्यास सिंथिया मॉस या विदुषीनें १९७२ सालीं सुरू केला. कानांच्या कडांवरील चिरा व भोंकें यांवरून एकेक हत्ती ओळखून त्यांच्या कुटुंबांची पिढ्यान्‌पिढ्यांची हकीकत लिहून ठेवण्यांत आली आहे. प्रत्येक कुटुंबाची धुरा एका वडील हत्तिणीकडे असते, ही गोष्ट आपल्या एकत्र कुटुंबांतील वाचकांस विशेष कौतुकाची वाटेल.

परंतु एवढ्या रखरखीत प्रदेशांत हें पाणी येतें कोठून? प्रवाशाची दृष्टि साहजिकच शिखराकडे जाते व बर्फ वितळून हें पाणी येत असावें असें तो समजतो. संशोधकांचा निष्कर्ष मात्र निराळा आहे. १९१२ सालीं किलिमांजारोवर सुमारें १२ चौरस किलोमीटर बर्फ होतें. २००७ सालीं तें दोन चौरस किलोमीटरांहूनही कमी उरलें. त्या बर्फाचा या झऱ्यांस मिळणारा वांटा अत्यल्प आहे. खरें पाणी पुरवितें तें शिखराखालचें अरण्य. तेथें पडणारा पाऊस व धुक्याचे थेंब ज्वालामुखीच्या सच्छिद्र खडकांत मुरतात आणि जमिनीखालून वाट काढीत या मैदानांत झऱ्यांच्या रूपानें वर येतात. टेकडीखालच्या दलदलीस ‘एन्कोंगो नारोक’ म्हणतात. ‘एन्कोंगो’ म्हणजे डोळा व झराही, आणि ‘नारोक’ म्हणजे काळा. याहून समर्पक नांव कोणास सुचलें असतें?

म्हणजे एका देशांतील हत्तींची तहान दुसऱ्या देशांतील झाडें भागवितात. तें अरण्य तोडीमुळें व वणव्यांमुळें पुष्कळ घटलें आहे. २००५ सालीं टांझानियानें तो अरण्यपट्टा आपल्या राष्ट्रीय उद्यानांत सामील करून घेतला. बर्फ नाहींसें होण्याची हळहळ जगभर व्यक्त होते. पण अंबोसेलीचें जीवित त्या झाडांवर अवलंबून आहे.

या पाण्यावर आणखी एकांचा हक्क होता, हेंही विसरतां कामा नये. मासाई लोक पिढ्यान्‌पिढ्या कोरड्या ऋतूंत आपलीं गुरें याच दलदलींवर आणीत. १९७४ सालीं हें राष्ट्रीय उद्यान झालें व गुरांस येथें बंदी आली. मोबदल्यांत उद्यानाबाहेर नळानें पाणी देण्याचें ठरलें व नळ घालण्यांतही आले. पण ती व्यवस्था कांहीं वर्षांतच मोडकळीस आली. याउलट उद्यानांतील वन्य पशु वर्षाचा बराच काळ मासाईंच्याच माळांवर चरत असतात, कारण उद्यानाचें क्षेत्र त्यांस पुरत नाहीं. २००९ सालच्या भीषण अवर्षणांत झेब्रे व नू हरिणें यांचे कळपच्या कळप नष्ट झाले. मासाईंचीं गुरेंही असंख्य मेलीं. उद्यानाची सीमा माणसांनीं आंखली खरी, पण दुष्काळ ती सीमा जुमानीत नाहीं.

म्हणून या टेकडीवर जाणाऱ्यानें शिखराचें दर्शन घेऊन तेवढ्यावरच परतूं नये. बर्फाखालीं, बहुधा ढगांनीं झांकलेला, जो अरण्याचा काळसर पट्टा आहे तो शोधावा. आणि मैदानाच्या कडेला गुरांमागून उडणारी धूळ दिसली, तर तिकडेही क्षणभर पाहावें. या रम्य देखाव्याचें मोल कोण कोण भरीत आलें आहे, तें त्या दोन ठिकाणीं नीट समजतें.