सोऱ्यातून उतरते मडके



दिवाळीत आपण सोऱ्यात पीठ भरून चकल्या पाडतो. पिठाऐवजी मळलेली माती भरली आणि तिची तार गोल-गोल, थरावर थर चढवत नेली, तर वाडगे तयार होईल. मातीची भांडी करणारा ‘क्ले प्रिंटर’ हेच करतो. नळकांड्यातली माती हवेच्या दाबाने किंवा मळसूत्राने तोटीतून बाहेर येते आणि संगणकाच्या हुकमाप्रमाणे तोटी फिरते. इंग्लंडमधील कुंभार जोनाथन कीप यांनी असे यंत्र स्वतः बांधण्याचे आराखडे सर्वांना खुले केले आहेत.

आपल्याकडे डिसेंबर २०२० मध्ये नांदेड व परभणी जिल्ह्यांतील १०० कुंभारांना खादी व ग्रामोद्योग आयोगाची विजेवर चालणारी चाके मिळाली. आता शिकलेली मुले विचारतात, “साहेब, प्रिंटरसाठी कर्ज काढावे का?” माझे उत्तर एकच : आधी माती पाहा, मग यंत्र.

आपली काळी माती पिकाला चांगली. पण ती भिजली की फुगते, वाळली की आटते. उन्हाळ्यात शेताला पडतात तशाच भेगा भांड्याला पडतात. मी हौसेने केलेली वाटी तिसऱ्याच दिवशी तडकली! शिवाय या मातीत चुनखडीचे खडे असतात. खडा तोटीत अडकला, तर काम थांबते. भांड्यात राहिला, तर भाजल्यानंतर ओल शोषून फुगतो आणि टवका उडवतो.

म्हणून घरीच परीक्षा घ्या. तलावाचा गाळ वाळवा, कुटा, बारीक चाळणीने चाळा. भिजवून दोन-तीन दिवस मुरू द्या आणि चांगला तुडवा. आत हवा राहिली, तर तार तुटते. मातीची वडी थापून तिच्यावर १० सेंटिमीटरची रेघ ओढा व वडी सावलीत वाळवा. रेघ ९ सेंटिमीटर झाली, तर माती १० टक्के आटली. मग थोडी बारीक वाळू मिसळून दुसरी वडी करा. वडी तडकेनाशी झाली, की जुन्या, टाकाऊ सोऱ्याने लहान वाटी उभारा. थर बसले, तर पाणी जास्त. तार तुटली, तर पाणी कमी.

हे प्रमाण गावातल्या वृद्ध कुंभाराच्या हाताला ठाऊक असते. तेरच्या गोरोबाकाकांनीही चिखल पायानेच तुडवला. यंत्र घेतले, तरी ते काम आपल्यालाच करायचे आहे. तेव्हा मुलांनो, आधी आजोबांजवळ बसून चिखल करायला शिका. वाटी भट्टीतून न तडकता निघाली आणि तिला गिऱ्हाईक मिळाले, तरच बँकेची पायरी चढा.