यादीत कंपनी, समोर माणूस

यादी आधी मोबाइलवर आली. मग कुणीतरी तिची छापील प्रत वसईच्या अंबाडी रस्त्यावरच्या एका किराणा दुकानदाराच्या हातात दिली. साबण, शीतपेये, बिस्किटे, लहान मुलांचे दूध अशी चाळीसेक नावे. एका कंपनीने परदेशातल्या युद्धात चुकीची बाजू घेतली होती, तर दुसरीच्या जाहिरातीतला नट नको ते बोलला होता. दुकानदार साठीपुढचे, मोजके बोलणारे. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी यादी वाचली आणि म्हणाले, "ही पाळायची तर फळीवर मीठ आणि गूळ तेवढा उरेल. तरी काढतो. पण काढलेला माल परत कोण घेणार, ते यात लिहिलेलं नाही."

त्यांचा हा प्रश्न मनातून जात नाही.

कंपनीची राजकीय भूमिका पटत नसेल तर तिचा माल न घेण्याचा हक्क ग्राहकाला आहेच. ज्याच्या हाती सत्ता नाही, त्याच्या हाती निदान पिशवी असते. महाराष्ट्राला हे नव्याने शिकवायला नको. १९०५ च्या दसऱ्याला पुण्यात विदेशी कपड्यांची होळी झाली. तिच्यातल्या पुढाकाराबद्दल सावरकरांना दहा रुपये दंड झाला आणि फर्ग्युसनच्या वसतिगृहातून बाहेर पडावे लागले. पण होळीनंतर पुढे काय, याचाही विचार त्या पिढीने केला होता. पैसा-पैसा गोळा करून उभारलेल्या पैसा फंडाचा काच कारखाना १९०८ मध्ये तळेगावला सुरू झाला. विदेशी काच नको म्हणायचे, तर देशी काच कुणीतरी फुंकायला हवी, हा साधा व्यवहार त्यामागे होता. बहिष्काराची झीज आधी आपल्याच घरी सोसायची, हे त्या मंडळींना मान्य होते.

आणि बाबू गेनू. आंबेगाव तालुक्यातल्या म्हाळुंगे पडवळचा हा गिरणी कामगार १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत काळबादेवीला विदेशी कापडाच्या मोटारीपुढे आडवा झाला आणि चाकाखाली गेला. सांगतात ते असे, की हिंदी ड्रायव्हरने गाडी पुढे घ्यायला नकार दिला, तेव्हा गोऱ्या सार्जंटने चाक हाती घेतले. त्या ड्रायव्हरविषयी मला फार कुतूहल वाटते. ज्या मालावर बहिष्कार होता, तोच माल वाहण्यावर त्याचे पोट होते. तरी ऐन वेळी तो आडव्या पडलेल्या माणसाच्या बाजूने थांबला. आजच्या यादीकर्त्यांना असा कुणी ड्रायव्हर असतो याचाच पत्ता नसतो.

२०१५ च्या नोव्हेंबरात आमिर खान देशातल्या असहिष्णुतेबद्दल बोलला. राग निघाला तो स्नॅपडीलवर, कारण तो तिच्या जाहिरातीत होता. लोकांनी मोबाइलमधून तिचे अ‍ॅप काढून टाकले. त्या वक्तव्याशी आपला संबंध नाही, असे कंपनीने सांगून पाहिले. पुढच्या वर्षी त्याचा करार वाढवला गेला नाही. कंपन्यांनी त्यातून धडा घेतला असेल तर तो एवढाच, की तोंड उघडणारा माणूस जवळ ठेवू नये. हा ग्राहकाचा विजय म्हणायचा का, मला शंका आहे.

फेब्रुवारी २०२२ मध्ये ह्युंदाईच्या पाकिस्तानातल्या वितरकाच्या नावाने काश्मीरविषयीचा मजकूर प्रसिद्ध झाला. इकडे बहिष्काराची हाक उठली, कंपनीने खेद व्यक्त केला आणि दक्षिण कोरियाच्या परराष्ट्रमंत्र्यांनी आपल्या परराष्ट्रमंत्र्यांना दूरध्वनी केला. पुढच्याच वर्षी ह्युंदाईने जनरल मोटर्सचा महाराष्ट्रातला कारखाना घेण्याचा करार केला. कुठला? तळेगावचा. पैसा फंडाच्या गावचा! त्याचे स्वागतच झाले, आणि व्हायलाच हवे होते. यादीवाल्यांना मात्र तोवर जुनी यादी आठवत नव्हती.

बहिष्कार लागूच पडत नाही, असे मात्र नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये इस्रायलमधल्या मॅकडोनाल्ड्सच्या चालकाने सैनिकांना फुकट जेवण दिले आणि अनेक देशांत गिऱ्हाइकांनी पाठ फिरवली. धंद्यावर परिणाम झाल्याचे मुख्य कंपनीने जानेवारी २०२४ मध्ये मान्य केले, आणि एप्रिलमध्ये त्या चालकाकडची २२५ उपाहारगृहे स्वतःकडे घेण्याचे जाहीर केले. म्हणजे बाण लागला. पण पश्चिम आणि दक्षिण भारतातली या नावाची उपाहारगृहे मुंबईची वेस्टलाइफ कंपनी चालवते. आपल्याकडच्या गल्ल्यावर टोपी घालून उभा असलेला मुलगा विरार लोकलने आलेला असतो. गिऱ्हाईक रोडावले तर पाळ्या आधी त्याच्या कमी होणार.

मे २०२५ मध्ये तुर्कस्तानने पाकिस्तानची बाजू घेतली, तेव्हा पुण्याच्या मार्केट यार्डातल्या व्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंदे नाकारली. त्यांनी नफ्यावर पाणी सोडले, तेही स्वतःच्या. मला हे जुन्या वळणाचे वाटते. त्याच सुमारास विमानतळांवर सामान हाताळणाऱ्या चेलेबी कंपनीची सुरक्षा मंजुरी सरकारने रद्द केली. तो सरकारचा निर्णय होता आणि जुलैत दिल्ली उच्च न्यायालयाने तो उचलून धरला. पण त्या दिवसांत मुंबई विमानतळावरच्या मराठी पोरांना 'उद्या कामावर यायचे की नाही' हे विचारत फिरावे लागले असेल, ते कुणाच्या यादीत नव्हते.

आपल्या भाषेत 'बहिष्कार' या शब्दाचे दुसरेही एक घराणे आहे, आणि ते टिळकांच्या चतुःसूत्रीहून फार जुने. गावकीने वाळीत टाकायचे, वाण्याने मीठ द्यायचे नाही, पाणवठा बंद. म्हणून तर १९२७ साली, महाडच्या सत्याग्रहानंतर, डॉ. आंबेडकरांनी पत्र काढले त्याचे नाव 'बहिष्कृत भारत'. स्वतंत्र भारतातही ही रीत इतकी टिकली, की सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राला २०१६ चा कायदा करावा लागला. एका घराण्याचा बहिष्कार खालून वर जातो, दुसऱ्याचा वरून खाली येतो. कुपारी, वाडवळ, कोळी, आगरी, मुसलमान, गुजराती आणि उत्तरेतून आलेले भय्ये एकाच बाजारात भाजी घेतात, त्या वसईत हा फरक पुस्तकी राहत नाही.

मध्यंतरी पुन्हा त्या दुकानात गेलो. नवी यादी आली होती. कंपन्यांची नावे जुनीच, थोडीफार इकडची तिकडे. खाली मात्र पेनाने दोन नावे वाढवली होती. ती कंपन्यांची नव्हती. एक पापडीच्या बाजारातल्या फळवाल्याचे होते, दुसरे रस्त्यापलीकडच्या शिंप्याचे. नावावरून धर्म कळत होता. राजकीय भूमिका कुठली, ते लिहिलेले नव्हते.

"याच्याकडून मी वीस वर्षं केळी घेतोय," दुकानदार म्हणाले. त्यांनी कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर कुणाच्या तरी उधारीची बेरीज मांडायला घेतली.