विजेची पाळी

कॅनॉलच्या पाण्याची पाळी म्हणजे काय, हे सातारा-सांगलीच्या शेतकऱ्याला सांगायला नको. पाणी थोडे आणि रान फार. म्हणून पाटकरी दिवस ठरवून देतो. विजेचेही तसेच आहे. वीज कमी पडली की तिचीही पाळी लावतात. कागदावर तिला भारनियमन म्हणतात. आपण म्हणतो लोडशेडिंग.

पण एक फरक आहे. पाणी धरणात साठवता येते. वीज एवढ्या प्रमाणात साठवणे फार महागाचे. जेव्हा तयार होते तेव्हाच ती वापरावी लागते. संध्याकाळी घरोघरी दिवे लागतात, मोटारी फिरतात. तेवढी वीज तयार नसेल तर सगळ्या तारांवर ताण येतो. जुलै २०१२ मध्ये असा ताण वाढून उत्तर आणि पूर्व भारतातली बरीच राज्ये एकदम अंधारात गेली. तसे होऊ नये म्हणून थोडा भाग मुद्दाम बंद करतात.

तो कसा? उपकेंद्रातून वेगवेगळ्या लाईनी निघतात. एकेका लाईनीला फीडर म्हणतात. एका फीडरवर चार-पाच गावे असतील, किंवा नुसते शेतीपंप असतील. वरून हुकूम आला की उपकेंद्रातला माणूस तो फीडर बंद करतो. वेळ संपली की हा चालू आणि दुसरा बंद.

२००५ नंतर काही वर्षे राज्यात कडक लोडशेडिंग होते. ज्या फीडरवर गळती-चोरी जास्त आणि वसुली कमी, त्याची लाईट जास्त तास जाई. म्हणजे आकडा टाकणार एक, आणि बिल भरणारा शेजारीही अंधारात. हिशेबाला ते बरोबर असेल, पण मनाला पटत नाही. पुढे एप्रिल २०२२ मध्ये कोळसा कमी पडला, उन्हाळा कडक होता, तेव्हा पुन्हा तेच दिवस आले.

"धरान आमचं, पानी आमचं, मग अंधार बी आमच्याच वाट्याला का?" पाटणकडचा माणूस असे विचारतो. प्रश्न खरा आहे. कोयनेची वीज १९६२ पासून निघते. पण ती मोठ्या तारांवरून राज्याच्या जाळ्यात जाते. तिथे कोयनेची कोणती आणि कोळशाची कोणती, हे निवडता येत नाही. मग कोयना जास्त का चालवत नाहीत? कारण पोफळीच्या वीजघरात पडलेले पाणी वाशिष्ठी नदीतून समुद्राला जाते. ते कृष्णेत परत येत नाही. म्हणून पश्चिमेकडे वर्षाला ६७.५ टीएमसी पाणीच सोडायचे, अशी हद्द ठरली आहे. उरलेल्या पाण्याची वाट आटपाडी, जत, कवठेमहांकाळची दुष्काळी शिवारे बघतात. टेंभू आणि म्हैसाळच्या योजना ते पाणी उपसून तिकडे नेतात. आणि उपसायला पुन्हा वीजच लागते!

शेतीपंपांची पाळी तर लोडशेडिंग नसतानाही असते. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्री उसाला पाणी पाजायला जायचे म्हणजे साप-विंचवाची भीती. कऱ्हाड आणि शिराळ्याकडे बिबट्याचीही. फीडर दिवसा चालावेत म्हणून २०१७ साली सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली. जिथे ती वीज आली, तिथे रात्रपाळी सुटली. बाकीचे अजून बॅटरी घेऊन बांधावर आहेत.

रात्री उठायला नको म्हणून कोणी मोटारीला ऑटो स्विच लावतो. लाईट आली की साऱ्या मोटारी एकदम सुरू होतात. तो भार डीपीला पेलत नाही, ती जळते. मग नवी डीपी येईपर्यंत सगळ्यांचाच ऊस वाळतो. स्विच काढून टाका आणि शेजाऱ्याची मोटार सुरू झाल्यावर थोड्या वेळाने आपली सुरू करा.

आणखी एक. लोडशेडिंग आहे म्हणून डीपीतला फ्यूज घालायला जाऊ नका. खांबावर चढू नका. तुटलेल्या तारेला हात लावू नका. वेळेच्या आधी लाईट येऊ शकते. हे काम वायरमनचे आहे.

आपला फीडर कोणता, पाळी किती वाजता, हे त्यालाच विचारून भिंतीवर लिहून ठेवा. शेजारच्या घरी लाईट आहे आणि आपल्याच घरी नाही, तर ती पाळी नव्हे, बिघाड आहे. १९१२ नंबरला फोन करा. ते ग्राहक क्रमांक विचारतील. तो बारा आकडी असतो, बिलावर छापलेला. आता तुम्हाला तो वाचता येतो.