स्वमग्नता : कारणमीमांसा आणि सामाजिक स्वीकार – एका पालकाच्या भूमिकेतून

प्रस्तावना :

'मूल अजून बोलत का नाही ?' हा प्रश्न घरात प्रथम विचारला जातो तेव्हा त्याची उत्तरे बहुधा घरातच तयार असतात. मुलगे उशिराच बोलतात, याचे वडीलही चौथ्या वर्षी बोलू लागले होते, घरात दोन भाषा कानावर पडतात, शेजारी बरोबरीचे मूल नाही, अशी ती उत्तरे असतात. प्रस्तुत लेखिकेने ही सर्व उत्तरे ऐकली आणि जवळजवळ दीड वर्ष त्यांवर विश्वासही ठेवला. मुलगा साडेतीन वर्षांचा असताना निदान झाले : स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम. निदानानंतर प्रश्न बदलला. आप्तेष्टांनी आरंभी 'हे कशामुळे झाले ?' असे विचारले. काही महिन्यांतच त्याचे रूप 'हे कोणामुळे झाले?' असे झाले.

'कशामुळे' हा विज्ञानाचा प्रश्न आहे व 'कोणामुळे' हा समाजाचा. गेल्या ऐंशी वर्षांत या दोन प्रश्नांची वारंवार गल्लत झाली आणि तिची किंमत पालकांनी, विशेषतः मातांनी मोजली. सदर लेखात या गल्लतीचा मागोवा घेऊन आज कारणांविषयी काय ज्ञात आहे आणि स्वीकार या शब्दाचा प्रत्यक्षात काय अर्थ होतो, याचा विचार केला आहे. लेखिका समाजशास्त्राची अध्यापक आहे, वैद्यकशास्त्राची नाही. ही मर्यादा वाचकांनी ध्यानात घ्यावी.

संज्ञा व स्वरूप :

'ऑटिझम' ही संज्ञा 'स्व' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९१० च्या सुमारास घडविली, तीही छिन्नमनस्कतेच्या एका लक्षणासाठी. मराठीत तिला 'स्वमग्नता' हा प्रतिशब्द रूढ झाला. शब्द सुंदर आहे, परंतु काहीसा दिशाभूल करणारा आहे. 'मग्न' म्हटले की आपल्यासमोर स्वतःत रमलेला, बाहेरच्या जगाचे भान नसलेला साधक किंवा कवी उभा राहतो. प्रत्यक्षात अनेक स्वमग्न मुलांची अडचण नेमकी उलट असते. बाहेरचे जग त्यांच्यावर नको तितके आदळत असते. कुकरची शिट्टी, मिक्सरचा आवाज, शर्टाच्या मानेवरील कापडी पट्टी, वर्गातील ट्यूबलाईटची फडफड या आपल्या लेखी नगण्य गोष्टी त्यांना असह्य होऊ शकतात.

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ संघटनेने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निदानपुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीनुसार निदानासाठी दोन प्रकारची लक्षणे पाहिली जातात : सामाजिक संवादातील सातत्यपूर्ण अडचणी, आणि वर्तन व आवडींतील तोचतोचपणा, ज्यात संवेदनांविषयीची तीव्रता अथवा उदासीनताही येते. याच आवृत्तीत पूर्वीचे वेगवेगळे प्रकार एकत्र करून त्यांना वर्णपटाचे रूप देण्यात आले. रक्ताच्या तपासणीने अथवा मेंदूच्या छायाचित्राने हे निदान होत नाही. ते वर्तनाच्या निरीक्षणावरूनच करावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात १२७ पैकी सुमारे एक व्यक्ती स्वमग्न होती. म्हणजे दोन हजार विद्यार्थ्यांच्या वस्तीत पंधरा-सोळा जण. ते आपल्याला दिसत नाहीत, याची कारणे पुढे येतील.

मातेवरील दोषारोप : एक इतिहास

१९४३ मध्ये बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी अकरा मुलांच्या निरीक्षणांवर आधारलेला निबंध प्रसिद्ध केला. त्याच्या शेवटी त्यांनी ही अवस्था जन्मजात असावी, असे स्पष्ट म्हटले होते. परंतु त्याच निबंधात या मुलांचे आईवडील उच्चशिक्षित असल्याचे व त्यांच्यात ऊबदारपणा कमी दिसत असल्याचेही त्यांनी नमूद केले. पुढील काही वर्षांत त्यांचे दुसरे निरीक्षणच अधिक गाजले आणि 'शीतकपाटासारखी आई' ही कल्पना रूढ झाली. शिकागो येथे अशा मुलांची निवासी शाळा चालविणारे ब्रूनो बेटलहाइम यांनी १९६७ मधील 'द एम्प्टी फोर्ट्रेस' या ग्रंथातून तिला मोठा वाचकवर्ग मिळवून दिला. मूल पालकांच्या नकारामुळे आपल्या कोशात जाते, असे त्यांचे प्रतिपादन होते.

येथे समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला एक साधा प्रश्न पडावयास हवा. १९४० च्या दशकात कॅनर यांच्या दारापर्यंत पोहोचू शकत कोण होते ? ज्यांना प्रवासाचा खर्च झेपत होता आणि ज्यांना अशा तज्ज्ञाचे अस्तित्व ठाऊक होते, तेच. नमुना निवडतानाच शिक्षित कुटुंबे निवडली गेली आणि मग शिक्षण हेच कारणाजवळ नेऊन ठेवले गेले. ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ लॉर्ना विंग यांनी लंडनच्या कॅम्बरवेल भागातील मुलांच्या पाहणीनंतर १९८० मध्ये दाखवून दिले, की सामाजिक वर्ग आणि स्वमग्नता यांचा असा संबंध आढळत नाही. विंग या स्वतः एका स्वमग्न मुलीच्या आई होत्या.

हा दोषारोप मोडून काढण्यात पालकांचा वाटा मोठा आहे. एका स्वमग्न मुलाचे वडील असलेले मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलँड यांनी १९६४ मध्ये उपलब्ध पुरावा तपासून स्वमग्नतेचे मूळ मेंदूच्या जडणघडणीत असल्याची मांडणी केली आणि त्यांच्या ग्रंथाला खुद्द कॅनर यांनी प्रस्तावना लिहिली. बेटलहाइम यांचा ग्रंथ निघाला त्याच १९६७ या वर्षी इंग्रजीच्या प्राध्यापिका क्लारा क्लेबोर्न पार्क यांचे 'द सीज' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. आपल्या लेकीच्या पहिल्या आठ वर्षांचा तो वृत्तान्त आहे. पार्क यांनी वाद घातला नाही. मूल काय करते, आपण काय केले, कशाचा उपयोग झाला आणि कशाचा झाला नाही, हे त्यांनी नोंदवीत नेले. लेखिकेला हे पुस्तक फार उशिरा मिळाले. एक अध्यापक रोज संध्याकाळी घरी जाऊन आपल्या मुलीजवळ जमिनीवर बसते आणि सकाळी पुन्हा वर्गात उभी राहते, हे त्यात वाचताना आपण एकट्या नाही असे वाटले. ती मुलगी, जेसी पार्क, पुढे चित्रकार म्हणून नावारूपाला आली.

कारणांविषयी आज काय ज्ञात आहे ?

१९७७ मध्ये सुसान फोलस्टाइन व मायकेल रटर यांनी ब्रिटनमधील एकवीस जुळ्या जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अकरा एकबीज जोड्यांपैकी चार जोड्यांत दोन्ही मुले स्वमग्न होती. दहा द्विबीज जोड्यांत असे एकदाही आढळले नाही. संख्या लहान होती, पण दिशा निश्चित झाली. २०१९ मध्ये पाच देशांतील वीस लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासून करण्यात आलेल्या अभ्यासात आनुवंशिकतेचा वाटा सुमारे ८० टक्के असल्याचा अंदाज निघाला.

'आनुवंशिक' हा शब्द मात्र आपल्याकडे जपून वापरावा लागतो. तो कानी पडताच 'कोणाच्या घराण्यातून आले ?' ही विचारणा सुरू होते व ती बहुधा सुनेच्या माहेरापाशी जाऊन थांबते. वस्तुस्थिती अशी, की यात एकच एक जनुक नाही. शेकडो जनुकांचा संबंध असून त्यांतील अनेक सामान्य भेद आपणा सर्वांमध्ये विखुरलेले असतात. काही बदल आईवडील दोघांतही नसतात. ते बीजपेशी तयार होताना अथवा गर्भधारणेच्या सुमारास नव्याने उद्भवतात. याखेरीज आईवडिलांचे वाढलेले वय, अकाली प्रसूती, गरोदरपणात घेतलेले व्हॅल्प्रोएट हे अपस्माराचे औषध, यांमुळे शक्यता काही प्रमाणात वाढते. शक्यता वाढणे आणि कारण सापडणे यांत अंतर आहे. एखाद्या विशिष्ट मुलाच्या बाबतीत बोट ठेवून 'हे कारण' असे सांगणे बहुतेक वेळा शक्य होत नाही आणि पालकाला हेच सर्वांत जड जाते. लेखिकेने गरोदरपणातील नऊ महिन्यांची दैनंदिनी मनातल्या मनात कितीदा उलटली असेल, याचा हिशेब नाही.

या पोकळीतच चुकीची कारणे शिरतात. १९९८ मध्ये अँड्र्यू वेकफील्ड व सहकाऱ्यांनी 'द लॅन्सेट' मध्ये बारा मुलांवरील निबंध प्रसिद्ध करून गोवर-गालगुंड-रुबेला लसीविषयी संशय निर्माण केला. २०१० मध्ये नियतकालिकाने तो निबंध मागे घेतला व वेकफील्ड यांचे नाव ब्रिटनच्या वैद्यकीय नोंदवहीतून काढून टाकण्यात आले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, डेन्मार्कमधील ६,५७,४६१ मुलांच्या अभ्यासात लसीचा संबंध आढळला नाही. तरीही संशय पुरता विरलेला नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी गरोदरपणातील पॅरासिटामॉलकडे बोट दाखविले, तेव्हा लेखिकेला एकाच दिवसात पाच नातेवाइकांनी ती बातमी पाठविली. स्वीडनमधील सुमारे २५ लाख मुलांच्या २०२४ मधील अभ्यासात सख्ख्या भावंडांची तुलना केल्यावर असा संबंध उरत नाही, ही माहिती मात्र त्यांपैकी कोणाकडेही पोहोचलेली नव्हती.

आपल्या घरातील 'शीतकपाट' :

आपल्याकडे बेटलहाइम कोणी वाचला नाही, पण त्याची गरजही भासली नाही. एका वास्तुशांतीच्या जेवणावळीत लेखिकेला तीन ज्येष्ठ स्त्रियांनी तीन कारणे सांगितली : ग्रहण पाळले नसेल, कुलदैवताचे काही राहून गेले असेल, आणि आई नोकरीला गेली की मूल मोबाईलच्या ताब्यात जाते. पहिल्या दोन कारणांना सुशिक्षित वर्ग हसतो. तिसऱ्याला मात्र प्राध्यापक कक्षातही मान डोलावली जाते, कारण ते आधुनिक वाटते. लहान वयात पडद्यापुढे फार वेळ गेल्यास भाषाविकासाला बाधा येऊ शकते, हे खरे. त्यामुळे स्वमग्नता उत्पन्न होते असे मात्र सिद्ध झालेले नाही. अनेकदा क्रम उलटा असतो. ज्या मुलाला माणसांचे चेहरे वाचणे कठीण जाते, ते तेच ते गाणे तसेच्या तसे पुन्हा दाखविणाऱ्या पडद्याकडे ओढले जाते. तिन्ही कारणांत आरोपी एकच आहे, हे लक्षात घेतले म्हणजे त्यांतील आधुनिकता किती वरवरची आहे हे कळते.

दोषारोपाचा परिणाम घराबाहेरही होतो. थोरल्या बहिणीच्या विवाहात अडथळा येईल म्हणून धाकट्या भावाला पाहुण्यांसमोर न आणणारी कुटुंबे लेखिकेने पाहिली आहेत. त्यांना निष्ठुर म्हणणे सोपे आहे. परंतु ज्या समाजात कारण म्हणजे कलंक, तेथे लपविणे हा व्यवहारी मार्ग ठरतो. आणि लपविलेले मूल शाळेपर्यंत, पुढे महाविद्यालयापर्यंत येत नाही.

स्वीकार म्हणजे काय ?

कॅनर यांच्या अकरा मुलांतील पहिला मुलगा डोनाल्ड ट्रिपलेट. तो मिसिसिपी राज्यातील फॉरेस्ट या लहानशा गावचा. चार वर्षांचा होण्याआधीच त्याला डॉक्टरांच्या सल्ल्याने संस्थेत ठेवण्यात आले होते. सुमारे वर्षभरानंतर आईवडिलांनी त्याला परत आणले. पुढे तो गावच्या शाळेत शिकला, १९५८ मध्ये पदवीधर झाला, गावातील बँकेत त्याने अनेक दशके नोकरी केली, तो गोल्फ खेळला, एकट्याने देशोदेशी हिंडला आणि २०२३ मध्ये ८९ व्या वर्षी गावातच मरण पावला. गावकऱ्यांनी त्याच्या लकबी खपवून घेतल्या, एवढेच नव्हे तर बाहेरून येणाऱ्या पत्रकारांपासून त्याला जपले. अर्थात बँक आजोबांनी स्थापन केलेली होती आणि कुटुंब गोरे व सधन होते, हेही विसरता येत नाही. त्याच गावातील एखाद्या गरीब कृष्णवर्णीय मुलाला हा स्वीकार लाभला असता काय ?

जिम सिंक्लेअर या स्वमग्न लेखकाने १९९३ मध्येच पालकांना उद्देशून सांगितले, की तुमचा शोक आमच्यासाठी नसून तुम्ही कल्पिलेल्या दुसऱ्या मुलासाठी आहे. हे वाचून लेखिका प्रथम रागावली. आजही ती पूर्णपणे सहमत नाही. जे मूल वेदना सांगता न आल्याने स्वतःचे डोके भिंतीवर आपटते, त्याच्या आईने त्या रात्री वैविध्याचा गौरव करावा, ही अपेक्षा अमानुष आहे. परंतु दुसऱ्या दिवशी सकाळी दात दुखत असल्याचे कळते. तेव्हा स्वमग्नतेइतकेच आपले न समजणेही त्या रात्रीस कारण होते, हे मान्य करावे लागते.

कायदा आणि महाविद्यालय :

भारतात १९९५ च्या अपंग व्यक्ती अधिनियमात स्वमग्नतेचा उल्लेखच नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमात तो आला आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या एकवीस प्रकारांत तिला स्थान मिळाले. दिल्लीतील 'अ‍ॅक्शन फॉर ऑटिझम' ही १९९१ मध्ये एका आईच्या पुढाकाराने सुरू झालेली संस्था. अशा पालकांचा पाठपुरावा या प्रवासामागे आहे. २०१६ च्या अधिनियमानुसार शासकीय व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत लक्षणीय दिव्यांगत्व, म्हणजे किमान ४० टक्के, असलेल्या विद्यार्थ्यांसाठी किमान पाच टक्के जागा राखीव आहेत. महाविद्यालये रॅम्प बांधतात, कारण रॅम्पचे छायाचित्र अहवालाला जोडता येते. स्नेहसंमेलनाच्या गोंगाटातून दहा मिनिटे बाजूला बसण्यासाठी एखादी शांत खोली, वेळापत्रकातील बदलाची आदल्या दिवशी सूचना, 'थोडक्यात चर्चा करा' याऐवजी नेमका काय लिहावयाचा तो प्रश्न, यांना जवळजवळ काहीच खर्च येत नाही आणि यांचे छायाचित्रही निघत नाही.

लेखिकेच्या मुलाला पहिलीत प्रवेश नाकारताना एका शाळेने 'इतर पालक तक्रार करतात' एवढेच कारण दिले होते. तो आता आठ वर्षांचा आहे, दुसऱ्या शाळेत जातो, आणि शब्दांपेक्षा चित्रांच्या तक्त्याने अधिक बोलतो.

काही काळापूर्वी लेखिकेच्या विभागात तृतीय वर्षाच्या तोंडी परीक्षेसाठी एक विद्यार्थी आला. त्याने बहिःस्थ परीक्षकांकडे पाठ केली आणि खिडकीकडे पाहत प्रकल्पावरील प्रत्येक प्रश्नाचे उत्तर दिले, पृष्ठक्रमांकासह. परीक्षकांनी क्षणभर लेखिकेकडे पाहिले, मग खुर्ची थोडी मागे सरकवून पुढचा प्रश्न विचारला. त्याला योग्य ते गुण मिळाले. बाहेर बाकावर त्याची आई बसली होती. गुणांविषयी तिने काही विचारले नाही. 'मॅडम, सर रागावले तर नाहीत ना ?' एवढेच तिने विचारले.